बाराव्या चौकटीतला चंद्र

मुकुंद खांबेट्यांनी दार उघडलं, तर समोर निळ्या केसांचा माणूस उभा. केस कमरेपर्यंत, पाठीला थर्माकोलची तलवार आणि डोळे लाल. मुकुंदरावांनी दार पुन्हा लोटून घेतलं.

"वहिनी, कोणीतरी रडवेला बहुरूपी आलाय. वर्गणीवाला असावा."

"वर्गणीवाले रडत नाहीत भावोजी, आपल्याला रडवतात. आत घ्या त्याला."

मृदुला खांबेटे यांनी बावीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात घालवली होती. माल पास की नापास, एवढंच सांगायचं. निवृत्तीनंतर निगडी प्राधिकरणातल्या बंगल्याच्या फाटकावर त्यांनी 'खासगी तपास' अशी पाटी लावली. वरच्या मजल्यावर राहणारे दीर मुकुंदराव निवृत्त शिक्षक. ते तपासात मदत करतात असा त्यांचा स्वतःचा समज होता आणि वहिनी तो मोडत नसत.

निळ्या केसांच्या माणसाने टोप काढून मांडीवर ठेवला. आतून बत्तीस वर्षांचा, चष्मा लावणारा, अगदी सरळमार्गी इसम निघाला.

"मी निमिष. चित्रजत्रा मीच सुरू केली. मोशीच्या रस्त्यावर मोठ्या हॉलमध्ये भरते ती. ॲनिमेवाल्यांची."

"जपानी कार्टून," मुकुंदराव म्हणाले.

निमिषने हे वाक्य आयुष्यात हजार वेळा ऐकलं असावं. त्याने मांडीवरचा टोप नुसता सारखा केला.

"अकरा वर्षांपूर्वी इथेच, प्राधिकरणातल्या एका क्लासच्या खोलीत आम्ही चौदा जण जमलो. ती पहिली जत्रा. मधली दोन वर्षं महामारीनं खाल्ली, म्हणून आजची दहावी. आज सहा हजार लोक आलेत. पण मॅडम, जत्रा उभी आहे ती त्या चौदाव्यामुळे."

"तो कोण?"

"तेच माहीत नाही. कोल्ह्याचा मुखवटा घालून आला होता. दिवसभर एक अक्षर बोलला नाही. आम्ही लॅपटॉपवर मालिका लावली होती. शेवटचा भाग उरला आणि बॅटरी संपली. खोलीत लाइट नव्हती."

"का?"

"गुरुवार होता ना."

मृदुलाबाईंनी मान हलवली. या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून तारांची दुरुस्तीही गुरुवारी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. चित्रजत्रा अजूनही गुरुवारीच सुरू होते आणि पुण्याचे लोक दरवर्षी त्यावर कुरकुर करतात.

"सगळे हिरमुसले," निमिष सांगू लागला. "तेव्हा कोल्हा उठला, खडू घेतला आणि वीस चौकटींत गोष्टीचा शेवट फळ्यावर काढून दाखवला. मूळ शेवट नव्हे, त्याचा स्वतःचा. आम्ही अक्षरशः रडलो. मग टाळ्या वाजवून वर बघतो, तर दारात मुखवटा पडलेला आणि कोल्हा गायब."

त्याने पिशवीतून जत्रेची स्मरणिका काढली. मुखपृष्ठावर त्या दिवशी सकाळी काढलेला फोटो होता. काळ्या फळ्यापुढे तेरा किडकिडीत पोरं, त्यात कडेला एक कोल्हा. आतल्या पानावर वीस चौकटींचा तो प्रसिद्ध फळा.

"यात तेराच दिसतायत," मुकुंदराव बोटाने मोजत म्हणाले. "आणि मागे फळ्यावर काहीतरी पांढरं पुसायचं राहिलंय."

"उरलेला मी. दोन्ही फोटो मीच काढले. एवढा अंधार होता की फ्लॅश मारावा लागला."

"बरं. आता रडण्याचं कारण सांगा," मृदुलाबाई म्हणाल्या.

कारण असं होतं. दहाव्या जत्रेचा दिवा कोल्ह्याच्या हातून लावायचा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. महिन्यापूर्वी वाकडचा सुजित पुढे आला. आयटीत नोकरी, ॲनिमेवर व्हिडिओ करतो, लाखभर लोक बघतात. कोल्हा मीच, म्हणाला. जत्रेत आनंदीआनंद झाला. आज सकाळी मात्र एक मुलगी भर गर्दीत उभी राहिली आणि म्हणाली, हा खोटं बोलतोय, कोल्हा मी आहे.

"आम्ही दोघांना फळा दिला. काढा, म्हटलं. सुजितने वीसही चौकटी हुबेहूब काढल्या. तिचा क्रम चुकला. बाराव्या चौकटीतला चंद्रसुद्धा तिला आठवला नाही. तो चंद्र तर लहान पोरांना पाठ आहे."

"मग निकाल लागला की."

"लागला, पण मला झोप येणार नाही. सुजित म्हणतो, चार वाजता स्टेजवर तिने माफी मागायची, तो ते लाइव्ह दाखवणार. आणि तिने आज पहिल्यांदाच वडिलांना बरोबर आणलंय." निमिषने चष्मा पुसला. "ती खोटी असेल तर असू दे. पण खरी असेल, तर ज्याच्यामुळे हे सगळं उभं राहिलं त्यालाच मी बापासमोर खोटं ठरवणार."

घड्याळात साडेअकरा वाजले होते. मृदुलाबाईंनी पर्समध्ये स्टीलची छोटी पट्टी टाकली. ती त्यांच्याजवळ नेहमी असे, जशी इतर बायकांजवळ कंगवा असतो.

हॉलच्या दारात मुकुंदरावांच्या अंगाला एक राक्षस घासून गेला आणि "सॉरी काका" म्हणाला. आत रंगीबेरंगी केस, पंख आणि शेपट्यांचा महापूर होता. कोल्ह्याचे मुखवटे तर जागोजागी.

मधोमध सतरंजी अंथरून 'अनुभव कट्टा' भरला होता. एक माइक, आणि वाटेल त्याने उठून आपला जत्रेचा अनुभव सांगायचा. कारखान्याच्या प्रेसशॉपमधला एक ऑपरेटर सांगत होता की तो दरवर्षी मित्राची नाइट शिफ्ट दोनदा करतो, तेव्हा त्याला जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची सुट्टी मिळते. एक जोडपं म्हणालं की तिकिटाच्या रांगेत भांडण झालं, त्याचं पुढे लग्न झालं. मग कस्तुराआजी नावाच्या सत्तरीच्या बाई उठल्या. "पहिल्या वर्षी नातीसंगं आले, तर मला वाटलं समदी भुतंच हायती. आता तिचे पंख मीच शिवते." हॉलभर हशा पिकला. मुकुंदराव आले होते नाक मुरडायला, पण त्यांनी तिथेच बूड टेकलं.

"उठा भावोजी. मुखवटा बघू."

मुखवटा काचेच्या पेटीत होता. पिवळाजरद, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक चुण्या, थेट कोल्ह्याच्या केसांसारख्या. निमिषने तो देवाचा टाक काढावा तसा बाहेर काढला.

"घड्या हाताने घातल्यात. जपानी लोक घालतात तशा."

मृदुलाबाईंनी पट्टी लावली. एक घडी मोजली, दहावी मोजली, शेवटची मोजली. मग मुखवटा नाकाशी नेऊन वास घेतला आणि उलटा केला. आतल्या बाजूला बॉलपेनने आकडा लिहिला होता, ४१७. त्याखाली रेघ आणि रेघेखाली कोंबडीच्या पायासारखा फराटा.

"हा काय प्रकार?"

"त्यावर अकरा वर्षं वाद चाललाय," निमिष उजळून म्हणाला. "कोणी म्हणतं भागाचा क्रमांक, कोणी म्हणतं जपानी अक्षर. एकाने साठ पानांचा लेख लिहिलाय."

"आणि बाराव्या चौकटीवर?"

"त्यावर तर दोन तट आहेत. चौकटीत मुलं पतंग उडवतायत आणि वर पूर्ण चंद्र. दिवसाढवळ्या चंद्र का, यावरून लोकांची मैत्री तुटलीय."

मृदुलाबाईंनी स्मरणिका उघडली. आधी आतला फोटो बघितला, मग मुखपृष्ठ, मग पुन्हा आतला. "भावोजी, तुम्ही कधीकधी फार चांगलं बघता," त्या म्हणाल्या. मुकुंदरावांना आपण काय बघितलं ते कळलं नाही. तरी ते खूश झाले.

स्टेजमागच्या खोलीत सुजित आरशापुढे बसला होता. रेशमी अंगरखा, नवा कोरा मुखवटा, समोर तिकाटण्यावर कॅमेरा.

"विचारा ना मॅडम. माझं सगळं ओपन आहे."

"मुखवटा कसा केलात?"

"साधा कागद. रात्रभर बसून हाताने घड्या घातल्या. मग पिवळ्या रंगाचे दोन हात मारले. सकाळी बोटं सुजली होती."

"आणि ४१७?"

"कॉलेजचा रोल नंबर. लोक उगाच डोकं खाजवत बसले." तो हसला.

"दिवसभर बोलला नाहीत ते का?"

"ते सकाळीच सांगितलं कट्ट्यावर. खरं सांगायचं तर तिथली मुलं माझ्या लेव्हलची नव्हती. काय बोलणार?"

"आणि चंद्र?"

"चंद्र म्हणजे एकटेपणा. दिवसाही ज्याला रात्र वाटते त्याचा." त्याने खाली मान घातली. मुकुंदराव हलून गेले. मृदुलाबाईंनी फक्त वेळ बघितली.

बाहेर पडताच एक धिप्पाड गडी आडवा आला. कपाळाला टिळा, हातात टेम्पोची किल्ली. "मॅडम, मी गणराज, माण गावचा. कोल्हा मी हाय म्हनून मीबी हात वर केला व्हता सकाळी. माझं नाव लिहिलं का न्हाई?"

मृदुलाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे आणि मुखवट्याच्या फोटोकडे बघितलं. "गणराजभाऊ, हा मुखवटा तुमच्या एका गालावर बसेल."

"व्हय, ते हायच." तो ओशाळला. "पोरीला स्टेजजवळची जागा पायजे व्हती, म्हनून म्हनलं. स्टॉलचं सामान आमीच आणलं मॅडम. पर इथं गेटवर कुनी कायबी इचारत न्हाई, ह्याचंच नवल. आमच्या कंपनीच्या गेटवर बाहेर काढायच्या वस्तूला पास लागतो आन त्या वस्तूवर पेनानं पासचा नंबर. एकदा मी जुना पंखा आणला, तर वॉचमननं पात्यावर नंबर टाकून खाली सही ठोकली. बायको अजून पुसतीय."

"तुमच्या मुलीला पुढची जागा मिळेल," मृदुलाबाई एकदम प्रसन्न होऊन म्हणाल्या.

"का बरं?" मुकुंदराव पुटपुटले. "खोटं बोलला तो."

"पण किती उपयोगी बोलला."

स्वप्नाली पायऱ्यांवर बसली होती. सत्तावीस वर्षांची, चाकणच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर ऑपरेटर. अंगात साधा कुर्ता. ना पंख, ना टोप.

"मी दरवर्षी येते मॅडम," ती म्हणाली. "तिकीट काढून. लोकं कोल्ह्याचे मुखवटे घालून फिरतात ते बघायचं आणि घरी जायचं. मला कधी सांगावं वाटलं नाही. माझं मलाच पुरत होतं."

"मग आज का उठलीस?"

"तो म्हणाला, कोल्हा बोलला नाही कारण बाकीचे त्याच्या लायकीचे नव्हते." तिने ओठ आवळले. "अण्णा आधीपासून इथं होते, पण मी तवा बीडकडून नवीन आले होते. मी वर्गात तोंड उघडलं की पोरी हसायच्या. काय करायलीस, कुठं जायलीस, असं माझीच नक्कल करून दाखवायच्या. म्हणून मी तिथं बोलले नाही. मला वाटलं, ही इतकी चांगली लोकं, ह्यांनी तरी हसू नये. आणि तो म्हणतो लायकी नव्हती. ते ऐकून बसवलं नाही."

"चंद्र का नाही काढलास?"

"मी चंद्र काढलाच नव्हता. पतंग कुणी रात्री उडवतं का? फोटोत दिसतो खरा. मलाही कळत नाही."

"आणि आतला आकडा?"

"तो मी लिहिलेला नाही. कागदावर आधीपासून होता."

मुकुंदरावांनी वहिनींकडे सहानुभूतीने बघितलं. पोरगी बुडत होती आणि हातातली काडीही सोडून देत होती.

"कागद कुठून आणलास?"

स्वप्नालीची नजर क्षणभर खाण्याच्या स्टॉलकडे गेली. तिथे पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

"ते सांगणार नाही."

"आठवत नाही?"

"चांगलं आठवतंय. सांगणार नाही. मी मागते माफी चार वाजता. फक्त माझ्या अण्णांना कुणी काही विचारू नका."

तिने हात जोडले. मृदुलाबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि सरळ स्टॉलकडे चालू लागल्या.

"वहिनी, ती नको म्हणाली ना," मुकुंदराव मागून धावले.

"म्हणूनच चाललेय."

पांढऱ्या टोपीचे बबनराव लगेच उठून उभे राहिले. कोणीही समोर आलं की उठायचं, ही अठरा वर्षांची सवय. ते भोसरीत फिल्टरच्या कंपनीत हेल्पर होते, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते.

"पोरगी कुठं गेली? मला म्हणाली, अण्णा, एकदा बघायला चला. बसलोय. लई खर्च केलाय लोकांनी कपड्यांवर." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आत नीट घडी घातलेलं आजचं तिकीट दाखवलं. "ह्ये बाहेर जाताना दाखवावं लागंल का?"

"नाही लागणार. पण जपून ठेवलंत."

"कागद असावा बाई जवळ. गरिबाच्या तोंडाला कोण इचारतंय. कंपनीनं दिलेला चिटोरा बी म्या फेकला नाई. समदे ट्रंकेत हायेत."

"सगळे?"

"अठरा वर्षांचे."

मृदुलाबाईंनी त्यांना बाजूला नेऊन पाच मिनिटं काहीतरी विचारलं. बबनराव आधी गोंधळले, मग मान हलवली. दोन वाजता मुकुंदराव त्यांना स्कूटरवर मागे बसवून चिखलीला त्यांच्या घरी घेऊन गेले. पत्र्याच्या ट्रंकेतून बबनरावांनी एक पिशवी काढली आणि ती सदऱ्याच्या आत घातली. परत येताना मुकुंदरावांनी काय आहे म्हणून तीनदा विचारलं. "बाई म्हणाल्या, सांगू नका," एवढंच उत्तर मिळालं. निवृत्त शिक्षकाला हेल्परने गप्प केलं, हे त्यांना फार लागलं.

चार वाजता हॉल गच्च भरला. स्टेजवर एका बाजूला सुजित, दुसऱ्या बाजूला स्वप्नाली, मान खाली. मध्ये न लावलेली समई आणि सकाळी दोघांनी भरलेले दोन फळे. सुजितचा कॅमेरा सुरू होता. बबनराव पहिल्या रांगेत बसले होते. आपली मुलगी वर काय करतेय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

निमिषने माइक मृदुलाबाईंच्या हातात दिला.

"मी ॲनिमेतलं काही जाणत नाही," त्या म्हणाल्या. "मी माल तपासणारी बाई. माल बघितला, त्याचा रिपोर्ट देते."

मागचे लोक पुढे सरकले.

"पहिला प्रश्न चंद्राचा. स्मरणिका सगळ्यांकडे आहे. मुखपृष्ठ बघा. हा फोटो सकाळचा. फळा कोरा, अजून कोणी खडूही उचललेला नाही. पण पोरांच्या डोक्यांमागे फळ्यावर पांढरा गोल आहे. माझ्या दिरांना वाटलं, पुसायचं राहिलंय. आता आतलं पान बघा. तोच गोल, तेवढाच, जरा उजवीकडे सरकून बाराव्या चौकटीत बसलाय. निमिष, फळा कसला होता?"

"भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला." निमिष पान डोळ्यांजवळ नेत म्हणाला.

"म्हणजे चकाकणारा. गुरुवार, लाइट नाही, फ्लॅश मारला. फ्लॅशचा उजेड फळ्यावरून परत आला आणि तुमचा चंद्र झाला. दुसऱ्या वेळी तुम्ही दोन पावलं सरकून उभे राहिलात, चंद्रही सरकला. फळ्यावर चंद्र कधी नव्हताच. तुम्ही सगळ्यांनी अकरा वर्षं फोटो इतका बघितलात की फळा विसरलात."

सहा हजार लोक स्मरणिकेची पानं उलटत होते. मागून कोणीतरी कळवळून म्हणालं, "मी त्याच्यावरून भावाशी बोलत नाही, राव."

"सुजितच्या फळ्यावर चंद्र आहे. हुबेहूब. स्वप्नालीच्या फळ्यावर नाही, आणि तिचे तुम्ही गुण कापलेत. स्वतः काढलेलं चित्र अकरा वर्षांनी कोणाला हुबेहूब येत नाही. हुबेहूब येते ती नक्कल."

सुजित हसला. त्या हसण्यात दम नव्हता. "मॅडम, लोकांना चंद्र आवडतो म्हणून काढला मी."

"असेल. मग दुसरा मुद्दा. मुखवटा." त्यांनी तो उंच धरला. "तुम्ही म्हणालात, रात्रभर हाताने घड्या घातल्या. मी पट्टी लावली. प्रत्येक घडी बारा मिलिमीटर. पहिलीही बारा, शेवटचीही बारा. अशी घडी माणसाच्या हाताला येत नाही, ती मशीनची. तुम्ही म्हणालात, रंगाचे दोन हात मारले. हा रंग मारलेला नाही. कागद मुळातच पिवळा आहे, त्याला अजून राळेचा वास येतो. हा गाडीच्या एअर फिल्टरचा कागद. असे हजारो मी पास-नापास केलेत."

सुजितने कॅमेऱ्याकडे हात नेला.

"राहू द्या सुरू," मृदुलाबाई म्हणाल्या. "तुम्हालाच लाइव्ह दाखवायचं होतं. आता ४१७. सुजित म्हणतात रोल नंबर. स्वप्नाली म्हणते, मी लिहिलेलाच नाही, आधीपासून होता. तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी खोटारडी. मला वाटलं, खोटं बोलणारा माणूस काहीतरी छान उत्तर तयार ठेवतो. इतकं गैरसोयीचं उत्तर फक्त खरं बोलणारा देतो. कारखान्याच्या गेटमधून वस्तू बाहेर काढताना वॉचमन तिच्यावर पासचा नंबर टाकतो आणि खाली सही करतो. तुमचं जपानी अक्षर म्हणजे भोसरीतल्या एका वॉचमनची सही आहे."

आता स्वप्नालीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. "मॅडम, बस करा. मी माफी मागते. द्या माइक."

"ऐक आधी. तुझ्या वडिलांनी तुला कागद आणून दिला. तू समजलीस, त्यांनी तो कंपनीतून गुपचूप उचलला. कागद कुठला हे सांगितलं, तर मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या माणसाच्या कपाळी चोरीचा डाग लागेल. म्हणून तू खोटी ठरायला तयार झालीस. बबनराव, जरा वर या."

बबनराव टोपी सावरत वर आले. सदऱ्यातून त्यांनी पिशवी काढली, पिशवीतून चिठ्ठ्यांची गड्डी, गड्डीतून एक पिवळट चिठ्ठी. ती त्यांनी निमिषला दिली, त्याने मोठ्याने वाचली.

"गेटपास क्रमांक ४१७. तारीख एकोणीस नोव्हेंबर दोन हजार चौदा. नापास फिल्टर पेपर, दोन तुकडे. कारण..." तो थांबला. निळा टोप त्याने केव्हाच काढून टाकला होता. "कारण, मुलीला शाळेत चित्र करण्यासाठी. खाली तीच सही आहे. कोंबडीचा पाय."

"एकोणीस म्हणजे बुधवार," मृदुलाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गुरुवारी पहिली जत्रा."

स्वप्नाली वडिलांकडे वळली. "अण्णा, पास घेतला होता तुम्ही?"

"मग?" बबनराव चकित झाले. "पासाबिगर म्या टाचणी नाई आणली कधी. साहेबाच्या टेबलाशी दोन तास उभा व्हतो त्या दिशी. तू म्हणाली, शाळेला पायजे." मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुखवट्याकडे बघितलं, हळूच एका घडीवरून बोट फिरवलं. "म्हंजे ह्ये तू केलं? शाळेचं नव्हतं व्हय ते?"

"नाही अण्णा. खोटं बोलले मी तुमच्याशी."

"चांगलं केलंस की पर," बबनराव मुखवटा न्याहाळत म्हणाले.

सुजित खुर्चीत बसून गेला होता. मुखवटा काढल्यावर तो एकदम लहान दिसू लागला. "मला वाटलं, कोल्हा आता येत नाही," तो म्हणाला. "दहा वर्षं जागा रिकामी होती. मी पहिल्या जत्रेला आलो असतो तर, असं रोज वाटायचं. शेवटी आलो होतो असंच वाटायला लागलं." त्याने कॅमेरा बंद केला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. तो उठला आणि स्वप्नालीसमोर, सगळ्यांच्या देखत, माफी त्याने मागितली.

निमिषने स्वप्नालीच्या हातात काडेपेटी दिली, मग माइक दिला. ती माइककडे बघतच राहिली. मुकुंदरावांना वाटलं, आता ही पळणार.

"मी त्या दिवशी बोलले नव्हते," ती म्हणाली, "कारण तुम्ही हसाल असं मला वाटायलं होतं. आज हसायचं तर हसा. मी स्वप्नाली. माजलगावकडची. चाकणला लाइनवर काम करते. आणि कोल्हा मीच हाय."

कोणी हसलं नाही. मग कस्तुराआजी उठल्या, त्यांच्यामागे प्रेसशॉपवाला, त्याच्यामागे खांद्यावर मुलगी घेतलेला गणराज. रांगांमागून रांगा उठल्या. राक्षस उठले, पऱ्या उठल्या, आणि सगळा हॉल 'कोल्हा! कोल्हा!' असा गर्जू लागला. छपराचे पत्रे घुमले. पहिल्या वातीला ज्योत लागली तेव्हा निमिष लहान पोरासारखा रडत होता आणि मृदुलाबाई पर्समध्ये पट्टी शोधायच्या निमित्ताने खाली बघत होत्या.

बबनराव स्टेजच्या कडेला गोंधळून उभे होते. इतकी माणसं त्यांनी फक्त कामगारांच्या सभेत बघितली होती आणि तिथे त्यांचं नाव कोणी कधी घेतलं नव्हतं.

"साहेब," त्यांनी मुकुंदरावांच्या कानाशी येऊन विचारलं, "ही लोकं कुणासाठी ओरडायली?"

"तुमच्या मुलीसाठी."

बबनरावांनी थोडा विचार केला. टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट डोक्यावर घातली. "मंग म्या बी ओरडतो," ते म्हणाले, आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडू लागले.